पाच अक्षतांचं बॉनेट

त्या वर्षी आमच्या घरात दोन फ्रिज होते. एक स्वयंपाकघरात होता आणि तो थंड करायचा. दुसरा मागच्या बाल्कनीत होता. त्याला दार नव्हतं, कप्पे नव्हते, अंगच नव्हतं. पाटावर बसवलेला नुसता कॉम्प्रेसर उरला होता आणि तो हवा ओढायचा. थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात त्याचा आवाज सकाळी कुकरच्या आधी सुरू व्हायचा आणि संध्याकाळी मालिका लागली की आई तो बंद करायला लावायची. घसा बसलेल्या माणसाने जप करावा तसा तो आवाज होता. पाहुणे विचारायचे, हे काय? आई सांगायची, "मंजूचं काम चालू आहे." पाहुणे मान डोलवायचे. एका मुलीचं काम चालू असताना असा आवाज का यावा, हे पुढे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मंजू म्हणजे माझी मोठी बहीण मंजिरी. ताई घरी मोटारीचे भाग बनवत होती. पत्र्याचे नव्हे, कार्बन फायबरचे. कार्बन फायबर म्हणजे काळ्या, चकचकीत धाग्यांचं विणलेलं कापड. ते साच्यात अंथरायचं, त्याला रेझिन पाजायचं, वर प्लास्टिकची पिशवी घालून कडा बंद करायच्या आणि आतली सगळी हवा ओढून घ्यायची, म्हणजे कापड साच्याला घट्ट बसतं. रेझिन वाळलं की जे निघतं ते पत्र्यापेक्षा हलकं आणि पत्र्याइतकंच कडक. ताई हे चाकणच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून वर्षभर शिकली. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, हातांना काळ्या धुळीची खाज. मुदत संपली तेव्हा निरोपाला तिला पेढ्यांचा डबा आणि फोटोफ्रेम मिळाली. तिने मागितले ते कापडाच्या ताग्याचे उरलेले तुकडे. तेही मिळाले. फोटोफ्रेम अजून रिकामी आहे.

बाबा एका इंजिनाच्या कारखान्यात क्वालिटीला होते. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी त्यांचं फीलर गेज असायचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा. घरीही ते तो काढून ठेवत नसत. पोळी करपली तर ते "करपली" म्हणत नसत, "रिवर्क" म्हणत. आमटीत मीठ जास्त झालं तर "रिजेक्ट". आईने एकदा त्यांना विचारलं होतं, "अहो, लग्नाच्या वेळी मला काय शेरा दिला होतात?" बाबांनी थोडा विचार करून सांगितलं, "तेव्हा मी ट्रेनिंगला होतो."

ताईच्या भवितव्याबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. त्यांच्या कारखान्यातल्या कँटीनच्या ठेकेदाराला कूपनच्या खिडकीवर बसायला एक विश्वासू मुलगी हवी होती. बसायची जागा, वर पंखा, दुपारचं जेवण तिथेच. ताईला ती खिडकी स्वप्नात दिसायची. खिडकीतून हात येत राहायचे, माणसं कधीच नाहीत. तिला भोसरीला इनामदार साहेबांच्या वर्कशॉपमध्ये जायचं होतं. तिथे शर्यतीच्या गाड्यांचे भाग बनत. इनामदार साहेब फोनवर दोनच वाक्यं बोलले होते. "प्रमाणपत्रं नकोत. स्वतः केलेलं एक बॉनेट घेऊन सोमवारी दहाला या." सोमवार दिवाळीच्या आधीचा होता. बाबांनी ठेकेदाराला मंगळवारचा शब्द दिला होता. अशा रीतीने आमच्या घरातला सगळा प्रश्न एका बॉनेटवर येऊन थांबला.

बॉनेट करायचं तर साचा हवा आणि साचा काढायचा तर आधी कोणाचं तरी खरं बॉनेट हवं. आमच्याकडे स्कूटर होती. गाडी होती ती संपतमामाची. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ; चाकणजवळच्या खेड्यात त्याची कांद्याची शेती होती आणि तो एका कारखान्यात पहिल्या शिफ्टला फोर्कलिफ्टही चालवायचा. दसऱ्याला त्याने पांढरी नवी गाडी घेतली आणि लगेच गावच्या मंडळींबरोबर बसने बारा दिवसांच्या देवदर्शनाला निघाला. गाडी आमच्या पार्किंगमध्ये लावून गेला, कारण गावात, त्याच्या शब्दांत, "पोरं आन् शेरडं दोनी वर चढत्यात." चावी बाबांच्या हातात देताना त्याने अट घातली. "दाजी, धुवा, पुसा, काय बी करा. पर चालवायची न्हाई. आन् त्ये स्वस्तिक तेवडं पुसायचं न्हाई. नव्या गाडीचं पैलं हाय. जाईल तवा आपसूक जाईल."

साचा काढायचा नाही, असं तो म्हणाला नव्हता. याची आम्ही नोंद घेतली.

स्वस्तिक मामीने काढलं होतं, बॉनेटच्या बरोबर मध्ये, कुंकू आणि गंध कालवून, हात आखडता न घेता. मध्यभागी एक आणि चार घरांत चार, अशा पाच अक्षता चिकटवल्या होत्या. वाळून ते चांगलं टणक झालं होतं आणि बोटाला जाडी लागत होती. साच्याचं काम सुरू करायच्या रविवारी सकाळी आम्ही चौघं त्याच्याभोवती उभे राहिलो.

"आई, हे पुसावं लागेल," ताई म्हणाली.

"काय पुसावं लागेल?"

"स्वस्तिक. नाहीतर साच्यात उमटेल आणि तिथून माझ्या बॉनेटवर येईल."

"येऊ दे की. वाईट आहे का ते?"

"अगं, इनामदार साहेब काय म्हणतील?"

"त्यांच्या घरी दसरा नसतो का? संपतनं बजावून सांगितलंय. मी पुसणार नाही आणि तुला पुसू देणार नाही. हात धुऊन नवीन काही बोल."

ताईने बाबांकडे पाहिलं. क्वालिटीचा माणूस या बाबतीत तिच्या बाजूने असायला हरकत नव्हती. बाबांनी चष्मा वर केला, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या लाइनवरच्या प्रेसवर पण आहे. बसवली त्या दिवसाचं. आम्ही भोवतीनं पुसतो."

म्हणून आम्ही भोवतीनं पुसलं. साचा मूळ भागाला चिकटू नये म्हणून आधी मेणाचे हात द्यावे लागतात. ताईने सात दिले, बाबांच्या जुन्या बनियनने, गोल गोल, प्रत्येक हातानंतर चमक येईपर्यंत. स्वस्तिक आलं की बनियन वळसा घालून पुढे जायचं. मेण घासलं तर कुंकू निघणार, आणि साचा सुटावा म्हणून वरून लावतात ते द्रव लावलं तर ते विरघळणार, म्हणून तिथे काहीच लावलं नाही. ताईचा तर्क असा होता की कुंकू ही मुळात पावडर आहे, ती कशालाही धरून ठेवणार नाही, आपोआप सुटेल. बाबांनी हा तर्क ऐकून "ओके" म्हटलं. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर त्यांनी ते म्हटल्याचं नाकारलं.

मग रेझिन आणि काचेच्या तंतूंचे थर, एकावर एक. रेझिन कालवायचं काम माझ्याकडे होतं. माझं कॉलेज सकाळचं असल्याने दुपारची मी ताईची. ते घट्ट करणारं हार्डनर घातल्यावर थोडं थोडंच कालवायचं असतं. मी पहिल्या दिवशी वेळ वाचवायला श्रीखंडाचा अख्खा डबा भरून कालवला. डबा आधी कोमट झाला, मग गरम, मग त्यातून धूर निघाला आणि तो स्वतःभोवती वाकत गेला. आईने वरून खिडकीतून विचारलं, "काय उतू गेलं?" माझा हा स्वभाव होता, घाई करायची आणि वेळ वाचला असं समजायचं. पुढे वर्तमानपत्रात मला नेमकं याच्या उलट, सावकाश वाचून चुका शोधायच्या कामासाठी पगार मिळाला.

दोन दिवस ती गाडी तोंडावर पांढरट, खडबडीत थर घेऊन उभी होती. वॉचमन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की प्लास्टर घातलंय. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आईला जिन्यात गाठून विचारलं की गाडीला किती दिवस ठेवायला सांगितलंय.

तिसऱ्या दिवशी साचा सोडवायला घेतला. कडा सहज सुटल्या. लाकडी पाचरा घातल्या, नळीने पाणी सोडलं, साचा चहूबाजूंनी मोकळा झाला आणि मधोमध अडकून राहिला. बाबांनी रबरी हातोडी आणली. आईने लाटणं आणलं. वॉचमनने सल्ले आणले. ताई घाम पुसत म्हणाली, "मध्येच धरलंय." कुठे धरलंय हे सगळ्यांना माहीत होतं. कुंकवाने पावडरसारखं वागायचं सोडून सगळं रेझिन पिऊन घेतलं होतं आणि खालच्या रंगाला घट्ट मिठी मारली होती. शेवटी चौघांनी चार कोपरे धरले, बाबांनी कारखान्यातल्यासारखं "एक, दोन" म्हटलं आणि तीनला टण्ण असा आवाज झाला. देवळातली घंटा वाजावी तसा. साचा आमच्या हातात आला. मामाच्या नव्या पांढऱ्या बॉनेटवर मधोमध लखलखीत पत्र्याचं एक स्वस्तिक होतं. रंग, अस्तर, कुंकू, सगळं साच्याबरोबर निघून आलं होतं.

नळीचं पाणी वाहत होतं.

"रिजेक्ट," बाबा म्हणाले.

"काय? गाडी की साचा?" ताईने विचारलं.

"आपण."

डांगे चौकात गॅरेजवाला रंगारी होता. ताई त्याला बोलावून घेऊन आली. त्याने बॉनेट पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला. रंग मारायला त्याची ना नव्हती, पण आधी ते घासून सपाट करावं लागेल आणि दिवाळीच्या तोंडावर स्वस्तिकावर घासपेपर मी नाही चालवणार, असं त्याने सांगितलं. "तुम्ही घासून आणा, मी रंग मारतो." आम्ही आईकडे पाहिलं. आईने रंगाऱ्याला चहा विचारला आणि विषय संपला. आता मामा रविवारी परत येणार होता आणि त्याची गाडी दुरुस्त करायचा एकच मार्ग राहिला होता: ताईचं बॉनेट. तेच सोमवारी भोसरीला हवं होतं. कापड एकाच बॉनेटपुरतं होतं.

साच्यातला रंग आणि कुंकू ताईने दाभणाने उकरून काढलं. खाली राहिलं स्वस्तिकाचं कोरीव खोलगट चित्र, त्यात पाच दाण्यांचे पाच खड्डे, प्रत्येकाला टोकं आणि पोट. ताईने दिवाळीसाठी आणलेली मेणबत्ती वितळवून ते भरलं आणि वरून घासून गुळगुळीत केलं. साच्यातलं पुसायला आईची हरकत नव्हती. तिच्या मते साच्यातलं ते उलटं होतं, म्हणून मोजायचं नाही.

त्या आठवड्यात घरभर दोन वास होते, एक चकलीच्या भाजणीचा आणि एक रेझिनचा. वजनकाटा एकच होता. तो सकाळी आईकडे असायचा आणि दुपारी वर्तमानपत्र गुंडाळून आमच्याकडे. कापड कापायला ताईने आईची शिवणाची कात्री घेतली, तेव्हा आई भाजणी सोडून उठून आली. ती लोकांचे ब्लाउज शिवायची आणि त्या कात्रीने कागदसुद्धा कापू द्यायची नाही. रागवायला आलेली आई कापडाकडे बघत राहिली. काळ्या धाग्यांची तिरकी वीण होती. ताईचा तुकडा बॉनेटच्या पुढच्या गोलाईत बसत नव्हता, प्रत्येक वेळी चुणी पडत होती.

"सरळ कापलंस तर चुणी पडणारच," आई म्हणाली. "बाहीला काय करतो आपण? पुढची पट्टी उरेब काप, तिरकी. ताण बसतो."

"आई, हे ब्लाउजपीस नाही."

"कापड आहे ना? दे इकडे. आणि मधली रेघ जुळव आधी. चेक्सच्या कापडाला मध्य चुकला तर बाई आयुष्यभर वाकडी दिसते."

आईने उरेब कापलेली पट्टी गोलाईत पाण्यासारखी बसली. कार्बन फायबरचं काम करणाऱ्या लोकांना मी पुढे बऱ्याचदा भेटले. आईने पाहताक्षणी सांगितलेली गोष्ट ते फळ्यावर आकृत्या काढून समजावत होते.

शुक्रवारी दुपारी बाबा शिफ्टवरून आले तेव्हा साचा हॉलमध्ये होता, त्यात कापड, वर रेझिन, वर पिशवी, आणि बाल्कनीतला कॉम्प्रेसर जप करत होता. पिशवीतून कुठूनतरी हवा गळत होती. अशा वेळी कानानेच शोधावं लागतं. पंखा बंद केला, टीव्ही बंद केला, आईने कढईखालचा गॅस बंद केला आणि आमचं सगळं कुटुंब बॉनेटभोवती ओणवं होऊन कान देत फिरू लागलं. बाबांना पहिल्यांदा ऐकू आलं. "इथं. सूं करतंय." ताईची सीलची टेप संपली होती. आईने परातीतून कणकेचा गोळा आणून दाबला. सूं थांबलं. बाबांनी गेजच्या पट्टीने कणीक सपाट केली आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी आधी न पाहिलेला काहीतरी भाव आला. कूपनच्या खिडकीबद्दल ते त्या दिवशी बोलले नाहीत.

मग साच्यावर आडोसा करून गोधडी घातली आणि आत हीटर ठेवला, कारण ऊब दिली की रेझिन नीट घट्ट होतं. हीटर दोन कॉइलचा होता. ताई आणि बाबा बॉनेटच्या खिट्ट्या आणायला चिंचवडला निघाले. "शुभे, एकच कॉइल," ताईने मला सांगितलं. "आणि चार तास हलायचं नाही." इथे मला एक गोष्ट लिहायची आहे, जी मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती. मला मैत्रिणीबरोबर आकाशकंदील घ्यायला जायचं होतं. एका कॉइलला चार तास, तर दोन कॉइलना दोन, असा हिशोब मी केला. दोन्ही लावल्या, दोन तास बसले, मग बंद करून गेले.

शनिवारी सकाळी बॉनेट साच्यातून निघालं. एका झटक्यात, विनातक्रार. काळंभोर, काचेसारखं, मधल्या रेघेपासून दोन्हीकडे वीण सारखी पसरलेली. आणि मधोमध, बोटाला लागेल असं उठावदार, धार असलेलं स्वस्तिक, त्यात पाच अक्षता. मेणबत्तीचं मेण गोधडीखाली वितळून निघून गेलं होतं आणि त्याच्या जागी रेझिन शिरलं होतं. ताईने एका अक्षतेवरून नख फिरवलं. तिच्या ओठांचा कोपरा हलला. ती रडणार की हसणार ते मला कळेना. तिलाही कळत नसावं. आई मात्र लगेच हळदकुंकवाची कुयरी घेऊन आली.

"आई, थांब," ताई म्हणाली. "हा डिफेक्ट आहे."

"तोंड सांभाळून बोल," आई म्हणाली.

दुपारभर ताईने मागून आधाराच्या पट्ट्या आणि बिजागऱ्या बसवल्या. रविवारी सकाळी सगळं मामाच्या गाडीवर चढवलं. बाबांनी चारही बाजूंनी फटीत गेज घातलं. दोन वेळा. ते रिवर्क म्हणाले नाहीत.

मामा दहा वाजता आला, कपाळाला तीन निरनिराळ्या देवळांचं गंध, हातात प्रसादाची पिशवी. पांढऱ्या गाडीला काळं नाक पाहून तो फाटकातच थांबला.

"दाजी, ह्ये काय?"

बाबांनी जुनं बॉनेट भिंतीला टेकवून ठेवलं होतं, त्याच्याकडे बोट दाखवलं. मामाने पत्र्यातलं स्वस्तिक पाहिलं. मग नवं पाहिलं. पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि बॉनेटवर हात ठेवला. एकेक दाणा मोजला.

"पाच हायेत की रं! कुनी केलं?"

"मी, मामा," ताई म्हणाली. "चुकून झालं."

"चुकून? आगं, मामीनं काडलं व्हतं त्ये पावसानं गेलं असतं. आता ह्ये पावसाच्या बापाला जानार न्हाई. जुनं ठिवा तुमाला. म्या ह्यो चाललो गावाला, पोरास्नी दावतो."

"मामा, उद्या मला ते भोसरीला दाखवायचंय. नोकरीसाठी. कापड संपलं, दुसरं होणार नाही."

"आन् उद्या माझी पैली शिफ्ट हाय. बारा दिस रजा खाल्ली, आता सुपरवायजर मला खाईल." मामाने चावीसाठी हात पुढे केला. "पोरी, तू हुशार हायेस, करशील दुसरं."

चावी बाबांच्या हातात होती. बाबांनी ती द्यायला हात पुढे केला. गाडी त्याची होती, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात आई मध्ये उभी राहिली. तिच्या हाताला भाजणीचं पीठ होतं.

"संपत, या भाऊबीजेला साडी आणणार आहेस ना?"

"व्हय आक्का. दर साल आनतो की."

"नको आणू. उद्या मंजूला घेऊन भोसरीला जा. माझी ओवाळणी आजच दे."

मामाने आईकडे पाहिलं, बॉनेटकडे पाहिलं. बहिणीने तोंड उघडून मागितलेल्या ओवाळणीला नाही म्हणायची सोय त्याच्याकडे नव्हती. त्याने तिथेच फोन लावला आणि सुपरवायजरला सांगितलं की देवदर्शन एक दिवस लांबलंय. "भोसरीला बी देव हाय, सायेब. आमाला बी आत्ताच कळलं."

सोमवारी मामा, ताई, बाबा आणि मी भोसरीला निघालो. बाबांनी नोकरीत पहिल्यांदाच अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. गाडी सिग्नलला थांबली की लोक वाकून पाहत. नाशिक फाट्याजवळ एका रिक्षावाल्याने हात जोडले. मामाने त्याला आशीर्वाद दिला. ताई पुढच्या सीटवर बसून ओठ हलवत होती. ती उत्तरं पाठ करत होती. मी तिला सुचवलं होतं की ही ग्राहकाच्या मागणीवरून केलेली सजावट आहे असं सांग. तिने ऐकून घेतलं होतं.

इनामदार साहेब बारीक, शांत गृहस्थ होते. त्यांनी कोणाचं नाव विचारलं नाही. बॅटरी तिरकी धरून बॉनेटवरून उजेड फिरवला, मधली रेघ डोळ्याने मापली, पुढच्या गोलाईपाशी थबकले आणि म्हणाले, "ही पट्टी तिरकी कोणी कापायला सांगितली?"

"आईने. ती ब्लाउज शिवते."

त्यांनी खिशातून एक नाणं काढलं आणि बॉनेटवर टक टक करत फिरले. आत हवा राहिली असेल तर आवाज पोकळ येतो. वर्कशॉपमधली माणसं हातातलं काम थांबवून ऐकत होती. बाबाही मान तिरकी करून ऐकत होते. नाणं स्वस्तिकापाशी थांबलं.

"हे काय आहे?"

सजावट, असं ताईने म्हणायचं होतं. ताई म्हणाली, "चूक आहे, सर. साच्यात उमटलं होतं. मेणाने भरलं, पण उष्णतेने मेण वितळलं."

"चूक?" मामा पुढे आला. "ओ सायेब, पोरीचं ऐकू नका, घाबरलीया. ह्यात चूक काय हाय? रस्त्यानं लोक पाया पडत आल्यात!"

इनामदारांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "हीटर किती लावला होता?"

"जास्त लागला, सर," ताई म्हणाली.

मी मागे उभी होते. माझा चेहरा त्या वेळी कसा होता हे कोणी पाहिलं नाही, असं मी समजून चालले.

इनामदारांनी स्वस्तिकाच्या एकेका रेघेवर नाणं वाजवलं. वळणावर. टोकावर. मग पाच अक्षतांवर, एक एक करून. सगळीकडे तोच घट्ट, कोरडा आवाज. त्यांनी नाणं खिशात ठेवलं आणि हाताखालच्या दोघांना बोलावून म्हणाले, "दाण्याच्या टोकापर्यंत रेझिन गेलंय, बघा. एक बुडबुडा नाही. तुम्हाला सपाट दारात जमत नाही." मग ताईला म्हणाले, "उद्यापासून साडेआठला. मेणबत्ती आणायची नाही."

"आन् बॉनेट?" मामाने विचारलं.

"ते न्या. आमच्याकडे केलं असं फक्त सांगू नका."

परतीच्या वाटेवर बाबांनी ठेकेदाराला फोन करून मंगळवार रद्द केला. घरी आल्यावर त्यांनी खिशातून कारखान्याचं एक हिरवं लेबल काढलं, त्यावर पेनाने लिहिलं, "ओके, डेव्हिएशनवर", म्हणजे मापात फरक आहे तरी पास, सही केली आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलं. मामाची ती गाडी केव्हाच गेली. बॉनेट त्याच्या गावच्या घरी पडवीत टांगलेलं आहे आणि लेबलही तसंच आहे. दसऱ्याला मामी उठावावरून कुंकवाचं बोट फिरवते. अक्षता टाकत नाही. त्या आहेतच.

वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर खुलासा छापतात. मी आयुष्यभर इतरांच्या चुकांचे खुलासे लिहिले, स्वतःचा एक राहिला होता. म्हणून हे प्रकरण लिहायला घेण्याआधी मी ताईला फोन केला. ती वर्कशॉपमध्ये होती, मागे एक पंप चालू होता.

"ताई, त्या दिवशी हीटरच्या दोन्ही कॉइल मी लावल्या होत्या."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. चार तास हलू नकोस म्हणून सांगितलं होतं. मी परत आले तर दारात नवा आकाशकंदील."

"मग इनामदारांना का नाही सांगितलंस?"

ताईने पलीकडे कोणाला तरी पिशवीची कड दाबून धरायला सांगितलं. मग म्हणाली, "त्यांनी हीटर किती लावला ते विचारलं होतं. कोणी लावला, हे कुठे विचारलं?"